नाखव्याचे दिवे आणि दोन फळ्या

फार पूर्वी, खाडीतले मासे संध्याकाळी काठाशी येऊन माणसांच्या गप्पा ऐकत बसायचे, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका खाडीकाठच्या गावात एक नाखवा राहत होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. माणूस मनाचा चांगला, हाताचा सढळ. खोड एकच. आपल्याकडे जे काही असेल ते साऱ्या जगानं पाहिलं पाहिजे! नवं मुंडासं घेतलं की बाजारातून तीन चकरा मारल्याशिवाय गडी घरी जायचा नाही.

या नाखव्यानं एक नवी होडी बांधली. नाव ठेवलं ‘चांदणी’. आता दिवे तेवढे लावायचे राहिले होते.

दिवे करायची टेकडीवरची एक म्हातारी. उंडीच्या झाडाखाली तिची झोपडी होती. उंडीच्या बियांचं तेल गाळायचं, काचा रंगवायच्या, वाती वळायच्या, हाच तिचा जन्माचा उद्योग. तिच्या झोपडीत शिरलं की अंगावर रंगीत उजेड पडायचा आणि आपण कशाला आलो होतो तेच माणूस विसरायचा.

नाखवा मात्र विसरला नाही. म्हणाला, “आजी, माझ्या चांदणीला सात रंगांचे सात दिवे दे. पुढे निळा, मागे जांभळा, डोलकाठीवर पिवळा...”

“होडी आहे की जत्रेतला पाळणा?” म्हातारी म्हणाली. तिनं तीन दिवे काढून त्याच्यापुढे ठेवले. “होडीत पुढे तोंड करून उभा राहा. डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा आणि पाठीमागे पांढरा. बस्स.”

लाल आणि हिरव्या दिव्याला एकेका बाजूनं काळी फळी ठोकलेली होती. नाखव्यानं तोंड वाकडं केलं. “आणि हा आडोसा कशाला? अर्धा उजेड फुकट जातोय की!”

“फुकट नाही रे बाबा. अंधारात, धुक्यात होडी कुणाला दिसते? दिवेच बोलतात. डावीकडच्याला नुसता लाल दिसला पाहिजे. लाल म्हणतो, तू थांब, मी जातो. उजवीकडच्याला नुसता हिरवा दिसला पाहिजे. हिरवा म्हणतो, तू जा, मी थांबतो. आणि दोन्ही एकदम दिसले, तर होडी सरळ अंगावर येतेय म्हणून समोरचा उजवीकडे वळतो. म्हणून हा आडोसा. कळलं?”

“कळलं, कळलं,” नाखवा म्हणाला. त्याचं सगळं लक्ष काचेतल्या लाल रंगाकडे होतं.

घरी येऊन त्यानं दिवे बसवले आणि किनाऱ्यावरून पाहिलं. या बाजूनं पाहावं तर लालच दिसे, त्या बाजूनं पाहावं तर हिरवाच. त्याला चुटपुट लागून राहिली. त्यातून दुसऱ्या दिवशी त्याची लेक मथू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. तिचं सासर खाडीपलीकडे. संध्याकाळच्या उतारूंच्या होडीनं ती येणार आणि नाखवा चांदणी घेऊन तिला सामोरा जाणार, असं ठरलं होतं. लेकीला निम्मेच दिवे दाखवायचे? छे!

त्यानं दोन्ही फळ्या उपसून काढल्या.

बायको म्हणाली, “अहो, आजीनं काहीतरी विचार करूनच लावल्या असतील ना?”

“तू गप गं. तुला होडीतलं काय कळतंय?” असं म्हणून त्यानं फळ्या पाण्याच्या चुलीत घातल्या. त्या दिवशी आंघोळीचं पाणी मस्त कढत झालं.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता खाडीवर धुकं उतरलं. इतकं दाट, इतकं मऊ, की काठावरचे माड कमरेपासून वरच तेवढे दिसत होते. पाणी आणि आभाळ एक झालं. नाखव्यानं डोक्याला नवं मुंडासं बांधलं, दिवे पेटवले आणि वल्हं मारत तो खाडीत शिरला. लाल आणि हिरवा उजेड धुक्यात फुलून आला. मासे वर येऊन बघायला लागले. नाखव्याला वाटलं, आपण होडीत नाही, ढगात बसलो आहोत. तो स्वतःशीच गाणं गुणगुणू लागला.

त्याच्या उजव्या हाताला, धुक्यापलीकडून उतारूंची होडी येत होती. तिचा नावाडी जुना जाणता होता. त्याला धुक्यात लाल दिवा दिसला आणि हिरवाही दिसला.

“अरे, कोण आहे? सरळ अंगावर येतोय की हा!” म्हणत त्यानं होडी झटकन उजवीकडे वळवली. त्या बाजूला पाण्याखाली काळे खडक होते.

इकडे नाखव्याच्या कानावर आरडाओरडा आला. त्याला वाटलं, दिवे बघून लोक वाहवा करताहेत! त्यानं खुशीत येऊन दोन्ही वाती आणखी वर केल्या.

मग त्याला लाकूड दगडाला घासल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ एक किंकाळी.

“बा! आई गं! वाचवा कुणीतरी!”

तो आवाज मथूचा होता. नाखव्याचं गाणं थांबलं. खडकाची बाजू त्याला पाठ होती. उतारूंची होडी तिकडे कशाला जाईल? आणि एकदम त्याला म्हातारीचं बोलणं आठवलं. आपल्याच दिव्यांनी आपल्या पोटच्या पोरीला खडकावर धाडलं होतं.

फळी तर चुलीत गेलेली. नाखव्यानं वल्ही सोडली, डोक्याचं मुंडासं ओरबाडून काढलं आणि लाल दिव्याच्या उजव्या अंगाला ते दोन्ही हातांनी ताणून धरून उभा राहिला. काच तापलेली होती, बोटं भाजत होती. तो हलला नाही.

“सरळ या रे!” तो जीव खाऊन ओरडला. “मी थांबलोय! तुम्ही जा!”

धुक्यात त्याचं बोलणं विरून गेलं. पण नावाड्याला आता नुसता हिरवा दिवा दिसत होता. “तो थांबतोय!” नावाडी म्हणाला. त्यानं बांबूनं खडकाला रेटा दिला, होडी मागे घेतली आणि सरळ गावच्या वाटेला लावली. तळाला थोडी चीर गेली होती. उतारू ओंजळी-ओंजळीनं पाणी उपसत काठाला लागले.

नाखवा मागून आला. मथू किनाऱ्यावर ओल्या लुगड्यानं बसली होती, पोटावर दोन्ही हात धरून. त्याला बघताच तिला रडू फुटलं.

“बा, आज काही खरं नव्हतं बघ. पण एक हिरवा दिवा दिसला आणि जिवात जीव आला. कुणाचा होता रे तो? इतका सुंदर दिवा मी जन्मात पाहिला नाही.”

नाखव्यानं भाजलेले हात पाठीमागे लपवले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सांगावंसं वाटेना. पण लेकीशी खोटं कसं बोलायचं?

“माझाच होता, पोरी,” तो म्हणाला. “आणि तुला खडकावर घालणारा दिवाही माझाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोडक्या डोक्यानं टेकडी चढला. “आजी, दोन फळ्या दे.”

म्हातारीनं कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या दोन काळ्या फळ्या त्याच्या हातात दिल्या. “कालच करून ठेवल्यात,” ती म्हणाली. “परवा तुझ्या चुलीतून फळ्यांचा काळा धूर निघताना दिसला होता मला. आता हातांना तेल लाव आधी.”

तात्पर्य: होडीवरचा दिवा आपला थाट दाखवण्यासाठी नसतो, समोरच्याला त्याची वाट कळावी म्हणून असतो, आणि त्यासाठी कधी आपला अर्धा उजेड आपल्याच हातांनी झाकावा लागतो.