बातमीतून गळालेला ‘म्हणे’

काशीला आत्याकडे राहून, न्यायशास्त्र शिकून तुळजा घरी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, आई भाकरतुकडा ओवाळून टाकेल, शेजारणी गंगा केवढी असते ते विचारतील आणि धाकटा भाऊ सटवा पहिल्यासारखीच वेणी ओढेल. दारात येऊन पाहते तर काय! आई डोळ्यांना पदर लावून बसलेली, शेजारणी तलवारींना ओवाळायला गेलेल्या आणि सटवा अंगणात भाला उलटा धरून उभा!

“उद्या पहाटे कूच आहे, ताई. निंबोळीकरांशी लढाई,” तो कसाबसा म्हणाला.

सटवा न्हाव्याचा मुलगा खरा, पण गिऱ्हाइकाच्या गालावर रक्ताचा ठिपका उमटला, की गिऱ्हाइकाआधी हाच आडवा व्हायचा!

“लढाई कशापायी?”

“त्यांनी घाटाखाली उखळी तोफा आणल्यात! गर्जेपंतांनी सांगितलं ना!”

गर्जेपंत म्हणजे कुरुंजगडचे राजबातमीदार. रोज संध्याकाळी चावडीवर चढायचे, नगारा बडवायचे आणि ओरडायचे, “सगळ्यांच्या आधी! सगळ्यांपेक्षा मोठ्यानं!”

“त्यांनी पाहिल्या तोफा?”

“ते कशाला जातील तिकडे? त्यांना घसा जपावा लागतो!”

तुळजानं पायांवर पाणीही घेतलं नाही. तशीच तरातरा दरबारात गेली. तेजोराव महाराज चिलखत चढवत होते. चिलखत जुनं, महाराज मात्र मधल्या काळात वाढलेले. चौघे जण बंद ओढत होते.

“महाराज, थांबा! तोफा आहेत हे कशावरून?”

“तू कोण गं?”

“भिवा न्हाव्याची तुळजा.”

“वा! बाप लोकांची हजामत करतो, नि लेक आमची करायला आली!”

दरबार खदखदला. गर्जेपंत गरजले, “ही निंबोळीची हेर आहे! हिला आधी कोठडीत टाका!”

“कोठडी नको,” महाराज म्हणाले. “पोरी, गडाबाहेर कुणालाही पाठवायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत सीमेवर काय आहे ते इथे दाखवायचं. नाही जमलं, तर उद्या निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे तू. तुझ्या मागोमाग तुझा भाऊ!”

तुळजा म्हणाली, “कबूल. मला फक्त एक शब्द द्या.”

“दिला शब्द!”

“तसा नव्हे, महाराज! ‘म्हणे’ हा शब्द. या बातमीतून तो कुठेतरी गळून पडलाय. हुकूम काढा: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते सरळ सांगावं. ऐकलेलं असेल, तर ‘म्हणे’ लावावं. जो फसवेल, तो उद्या पहिल्या रांगेत!”

महाराजांना गंमत वाटली. हुकूम निघाला. गर्जेपंत पुढे आले, खाकरले.

“निंबोळीकरांनी... म्हणे... उखळी तोफा आणल्या. त्यांचा राजा म्हणे दात खात होता. आपल्याला म्हणे चिरडणार आहे, म्हणे!”

“अहो, काल तर तुम्ही ‘डोळ्यांदेखत’ म्हणालात!”

“डोळे होते, महाराज. पण ते... म्हणे... बाळोजींचे होते.”

बाळोजी म्हणजे सेनापतींचे मेहुणे. फौजेला भाले तेच पुरवायचे.

“मी तर प्रत्यक्ष पाहिल्या!” बाळोजींनी छाती काढली.

“मग पहिल्या रांगेत उभे राहून पुन्हा दाखवाल ना?” तुळजानं विचारलं.

छाती आत गेली. “म्हणे,” बाळोजी पुटपुटले. “आमच्या घरी बांगड्या भरायला साळू कासारीण आली होती, तिनं सांगितलं.”

साळू गडावरच होती. तिला आणलं. बांगड्यांची टोपली काखेत घेऊनच ती आली.

“साळूबाई, घाटाखाली काय पाहिलंस?” तुळजानं विचारलं.

“उखळं! गाड्याच्या गाड्या!”

“उखळी तोफा?” महाराज पुढे सरसावले.

“तोफा कुठल्या मेल्या! उखळं, महाराज, दगडाची! त्यांच्या राजकन्येचं लग्न आहे. हळद कुटायला नको? मसाले नकोत? मी बाळोजीरावांना म्हटलं, ‘उखळं आलीत.’ पुरतं ऐकून कोण घेतंय! ताडकन उठले नि गेले.”

“आणि त्यांचा राजा दात खात होता तो?”

“दाढ दुखतेय त्यांची!”

दरबारात हसू फुटलं. पण महाराज हट्टाला पेटले. “ही बाई खोटं बोलत असेल! उखळंच आहेत हे कशावरून?”

तुळजानं हात जोडले. “धन्य, महाराज! उखळं म्हटल्याबरोबर पुरावा मागितलात. तोफा म्हटलं, तेव्हा नुसतं चिलखत मागितलंत!”

बंद ओढणाऱ्या चौघांनी बंद सोडून दिले.

“सीमेवर काय आहे ते मलाही ठाऊक नाही,” ती पुढे म्हणाली. “तुम्हाला ठाऊक नाही, एवढं मात्र दाखवलं. आता एक स्वार तुम्हीच पाठवा!”

महाराजांचे गाल फुगले, आणि ते असे खो खो हसले, की चिलखताचे बंद तटातट तुटले! स्वार सुटला. दिवे लागायच्या सुमाराला परतला तो कपाळभर हळद माखून, महाराजांसाठी लग्नाची अक्षत घेऊन! ते ऐकून धावत आलेल्या सटवानं भाला टाकला आणि आधी ताईची वेणी ओढली.

महाराजांनी तुळजाला सोन्याचं कडं दिलं. “गर्जेपंतांची जागाही तुझी! विचार करून उद्या सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजा दरबारात आली.

“ठरलं, महाराज. जागा गर्जेपंतांचीच राहू द्या. त्यांच्यासारखा आवाज मला जन्मात जमायचा नाही. मी नुसती शेजारी उभी राहीन, आणि त्यांनी श्वास घेतला रे घेतला, की मोठ्यानं ‘म्हणे’ म्हणेन!”