ओब्राद सरदाराने न धाडलेलं बोलावणं

फार फार मागची गोष्ट, बाल्कनच्या डोंगरातली. मुलूख आपल्यापासून लांब, पण माणसं आपल्यासारखीच हट्टी, तेव्हा समजायला जड जायचं नाही.

तिथे एका नदीच्या वर ओब्राद नावाचा सरदार गढी बांधून राहायचा. बारा गावं त्याच्या हुकमात, घोड्यांना तर गणतीच नाही. बायको स्ताना, आणि मुलगा एकुलता एक, रादोये.

आता त्या मुलखाची एक रीत सांगतो. तिथे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, आणि वर्षातून एकदा त्याचा सण. त्याला स्लावा म्हणतात. स्लावाला कोणाला बोलावणं धाडायचं नाही. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि आलेला वैरी असला तरी त्याला दारातून परत पाठवायचं नाही. घरात मोठी मेणबत्ती लावतात. ती विझेपर्यंत घरधन्याने बसायचं नाही, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं. मग तो सरदार का असेना.

तर हा रादोये. बापाने त्याच्यासाठी शेजारच्या सरदाराची मुलगी ठरवलेली, आणि ह्याने वेसेला नावाच्या धनगराच्या मुलीशी लग्न केलं, तेही न विचारता. ओब्रादचा पारा चढला. "मी बोलावल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही," म्हणाला. रादोये "बरं" म्हणाला आणि बायकोला घेऊन नदीपलीकडे मेंढरं राखायला निघून गेला. त्याच बापाचा मुलगा तो, आणखी काय करणार?

राग आठवड्याभरात उतरला. ताठा काही उतरेना. मग एखादा माणूस धाडायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारतो, ही गोष्ट सांगताना दर वेळी विचारतो. पण ओब्रादने मनाशी ठरवलं होतं की स्लावाला सगळेच न बोलावता येतात, रादोयेही येईल. आणि आपल्याला शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

स्लावा आली. बारा गावं जेवून गेली, रादोये आला नाही. एरवी संध्याकाळी विझणारी मेणबत्ती त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळली आणि ओब्राद तोवर उभा राहिला, असं म्हणतात. पुढच्या वर्षी ती दोन दिवस जळली.

"अहो, एक माणूस धाडा," स्ताना म्हणाली.

"स्लावाला बोलावणं? लोक हसतील. आणि पोटच्या पोराला बोलावतात होय? परक्याला बोलावतात."

तिसऱ्या वर्षी स्ताना स्वतः नदी ओलांडून गेली. रादोयेने तिचे पाय धरले, पण म्हणाला, "आई, घालवलं आबांनी. शब्दही त्यांचाच हवा. एकदा 'ये' म्हणाले तर धावत येईन."

तिने घरी येऊन सांगितलं, नात चालायला लागलीय. ओब्रादने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "येईल तो. स्लावाला येईल." इतका जीव तुटत होता त्याचा, पण जीभ वळेना.

अशी सात वर्षं गेली. सातव्या स्लावाला ओब्राद पार खंगला होता. त्या वर्षी मेणबत्ती सात दिवस जळली, असं म्हणतात. सगळे विनवत होते, सरदार, बसा. तो दाराच्या चौकटीत उभा, नजर नदीच्या उतारावर. सातव्या दिवशी त्याने उजवा हात उचलला आणि म्हणाला, "रादोये, ये रे." बारा गावांना हुकूम सोडणारा तो आवाज उंबऱ्यापलीकडेही गेला नाही. एकट्या स्तानाने ऐकला.

तिने घोडेस्वार पिटाळला. रादोये तसाच पाण्यात शिरला, लेक खांद्यावर, वेसेला मागे. निथळत वर आला तेव्हा बाप दारातच उभा होता, हात वर करून. रादोयेने तो हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"आबा, बसा आता," रादोये म्हणाला. तेव्हा कुठे मेणबत्ती विझली.

पण ओब्रादचे गुडघे काही वाकले नाहीत. त्याला उभाच पुरला आणि वर त्याच्या उंचीचा दगड रोवला. दगडावर हात वर केलेला माणूस कोरलाय, तोंडापेक्षा पंजा मोठा. परक्यांना वाटतं, हा थांब म्हणतोय. गावकऱ्यांना याचा राग येतो. बोलावतोय तो, असं ते सांगतात.

रादोये गढीत राहिला नाही, पुन्हा नदीपलीकडे मेंढरांकडे गेला. बारा गावं दुसऱ्या सरदारांनी वाटून घेतली, गढीचे दगड लोकांच्या गोठ्यांत गेले. सरदारकी अशी संपली, एका शब्दापायी. वाईट वाटतं.

त्या मुलखात स्लावाला अजूनही कोणी बोलावणं धाडत नाही. हा दगड आहे त्या एका गावात मात्र धाडतात. आदल्या दिवशी घरातलं थोरलं माणूस, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात जातं, हात वर करतं आणि म्हणतं, "ओब्राद बोलावतोय, ये." आपल्या नावाने तोंडातून निघत नसेल तर त्याच्या नावाने म्हणायचं. बरेच जण येतात. जे येत नाहीत त्यांच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा जातात, आणि हात वर करून उभे राहतात.