कोऱ्या पोटाचा रथ

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्यांनी ती मला सांगितली त्यांनाही ती जुनीच म्हणून मिळाली होती. नदीकाठी एक राज्य होतं आणि त्या राज्यात एक रथशाळा होती. शत्रू सीमेवर आला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी वीस दिवसांत चाळीस रथ उभे केले. लाखेने रंगवलेले, लालभडक, वाऱ्याशी पैज लावणारे. लढाई जिंकली. पुढे शांततेचे दिवस आले, रथांचं काम उरलं नाही आणि रथशाळेला कुलूप लागलं.

रथ मात्र लोकांनी जळणात घातले नाहीत. कुणी गोठ्यातून, कुणी गवताच्या गंजीखालून ते बाहेर काढले आणि हौसेने दुरुस्त केले. दर दसऱ्याला राजवाड्यापुढच्या मैदानात ते ओळीने उभे राहत. रथ शाळेतून निघाला होता तसाच आहे का, याची तिथे पारख होई.

पारख करणारा माणूस एकच. त्याला सगळे पारखीबाबा म्हणत. रथशाळेत काम केलेल्यांपैकी तेवढा एकच हयात होता. तो चाकाचे आरे मोजायचा, खिळ्यांची डोकी अंगठ्याने चाचपायचा आणि लांब दांडीला बांधलेला आरसा रथाखाली सरकवून पोट बघायचा. रथ अस्सल असेल तर जुवाला झेंडूची माळ घालायचा. नसेल तर खांद्यावरचं उपरणं झटकायचा आणि पुढे चालू लागायचा. एकदा उपरणं झटकलं, की राजाही त्यावर बोलत नसे.

"आमच्या शाळेतून अर्धवट काम कधी बाहेर पडलं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्याची मान इतकी ताठ व्हायची, की पागोटं मागे कलायचं.

एका वर्षी राजाने दवंडी पिटवली. रथशाळा पुन्हा उघडायची होती. ज्याचा रथ सर्वांत अस्सल ठरेल, त्याच्या हाती शाळेची किल्ली मिळणार होती.

मग काय विचारता! मैदानात पाय ठेवायला जागा उरली नाही. सर्वांत पुढे एका बड्या सरदाराचा रथ होता. त्याचं पोट लाखेने असं घोटलं होतं, की सरदार मिशीला पीळ देत म्हणाला, "बाबा, आरसा कशाला सरकवताय? पोटाचाच आरसा केलाय आम्ही!"

पारखीबाबाने सगळं तपासलं. आरे बारा, खिळे चौकोनी, पोटाला लाख. बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने माळ हातात घेतली, पण रीत अशी की ओळ संपल्याशिवाय माळ घालायची नाही.

ओळीच्या शेवटी एका सुतारणीचा रथ होता. तिचे सासरे लढाईत त्याच रथाचे सारथी होते. सात वर्षं ती एकटी त्या रथावर राबली होती. शाळेची किल्ली मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं. "पोटाला लाख लाव, नाहीतर उपरणं झटकतील," असं तिला साऱ्या आळीने बजावलं होतं. तिने ऐकलं नव्हतं.

पारखीबाबाने आरसा सरकवला. पोट कोरं होतं. नुसतं उघडं लाकूड, आणि कडेला घाईत ओघळलेले लाखेचे डाग. त्याचा हात उपरण्याकडे गेला.

"बाबा, आरशात नका बघू," सुतारीण म्हणाली. "एकदा खाली वाकून बघा."

"बाई, नियम तुला ठाऊक आहे. पोटाला लाख हवी."

"ठाऊक आहे. पण लाख लावायची तर खालचं घासून काढावं लागतं. आणि तिथे कुणाचा तरी हात उमटलाय, बाबा. तो पुसायला मन धजावलं नाही."

लोक हसले. पारखीबाबा हसला नाही. गुडघे कुरकुरत असतानाही तो वाकला, आडवा झाला आणि रथाखाली सरकला.

लाकडावर लाल पंजा होता. डावा. करंगळी अर्धीच.

आता तुम्हांला एक सांगायलाच हवं. पारखीबाबाच्या डाव्या करंगळीचं टोक लाकूड तासायच्या वाकसाखाली गेलं होतं, तो तरुण होता तेव्हा. त्याने आपला डावा हात त्या पंजावर ठेवला. तंतोतंत बसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्याला तो विसावा दिवस आठवला. वेशीवर शिंगं वाजत होती, घोडे जुंपायला आले होते. पोटं रंगवायची राहिली होती. त्याने लाखेने भरलेला हात लाकडावर दाबून पुसला आणि मुकादमाला ओरडून सांगितलं, "झालं!" सगळ्यांनीच तसं सांगितलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, पहिल्याच पारखीला, कोऱ्या पोटाचा एक रथ त्याच्यापुढे आला. शाळेची अब्रू जाईल आणि आपलीही, असं वाटून "पोटाला लाख हवी" म्हणत त्याने उपरणं झटकलं. त्या मालकाने घरी जाऊन मुकाट्याने लाख लावली. त्याचं पाहून बाकीच्यांनी लावली. भीतीपोटी मारलेली एक थाप नियम होऊन बसली. लाखेआड पाणी मुरून लाकडं कुजायला लागली, तेव्हाही तो म्हणाला होता, "जुनी झाली, दुसरं काय!"

आताही काही बिघडलं नव्हतं. बाहेर यायचं, उपरणं झटकायचं. सुतारीण घरी जाऊन तो पंजा घासून टाकेल आणि ताकास तूर लागणार नाही.

त्याने लाकडावर बोटांनी टकटक केली. लाकूड खणखणीत वाजलं. किती नद्या पार करून आलं होतं ते, आणि उघडं होतं म्हणून दर वेळी वाळलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं काम केलं होतं त्यांनी, आणि त्याचीच तो आयुष्यभर लाज बाळगत आला होता.

तो बाहेर आला. खांद्यावरचं उपरणं काढून त्याने रथाखालच्या धुळीत अंथरलं.

"महाराज, यावर आडवे व्हा आणि वर बघा. तो हात माझा आहे."

राजा आडवा झाला. उठल्यावर राजाच्या कपाळाला आठी होती. "म्हणजे या शाळेतून अर्धवट काम बाहेर पडलं होतं?"

"पडलं होतं, महाराज," पारखीबाबा म्हणाला आणि त्याची मान ताठ झाली, पण या वेळी पागोटं जागचं हललं नाही. "चाळीसच्या चाळीस रथांची पोटं कोरी होती. वेळ एवढाच होता, की पोटं रंगवावीत नाहीतर चाकं पक्की करावीत. आम्ही चाकं पक्की केली. लढाईत एकही चाक निखळलं नाही. ही गोष्ट मी छाती पुढे काढून सांगायला हवी होती. मी ती लाखेखाली झाकली, आणि तुमच्या साऱ्यांच्या रथांचं वाटोळं केलं."

"आम्ही तर नियमानेच केलं होतं!" सरदार कळवळून म्हणाला.

"चूक तुमची नाही, सरदार. नियमच खोटा होता, आणि तो माझा होता."

मग त्याने झेंडूची माळ सुतारणीच्या रथाच्या जुवाला घातली. राजाने कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. सात वर्षांत न रडलेली ती बाई तिथे हुंदके देऊन रडली. पारखीबाबाने जमिनीवरचं उपरणं उचललं. ते धुळीने माखलं होतं. त्याने ते झटकलं नाही, तसंच खांद्यावर टाकलं.

बाकी एकोणचाळीस जणांनी घरी जाऊन लाख खरवडली. खाली बऱ्याच ठिकाणी भुसा निघाला. मूळचं पोट असलेला रथ राज्यात एकच राहिला, तो सुतारणीचा.

रथशाळा उघडली. तिथून निघणाऱ्या प्रत्येक रथाचं पोट कोरं ठेवायचं आणि शेवटचा हात ज्याचा लागेल त्याने तिथे आपला लाल पंजा उमटवायचा, अशी सुतारणीने रीत पाडली. पहिल्या नव्या रथाला शेवटचा हात लावायला तिने पारखीबाबाला बोलावलं. तिथे उमटलेल्या पंजाची करंगळी अर्धी होती, आणि ती दाखवायला म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून खाली वाकवायचा.

तात्पर्य : घाईत राहिलेल्या उणिवेने कामाला बट्टा लागत नाही, ती झाकायला सांगितलेल्या खोट्याने लागतो.