गाठ आणि वीट

एका गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. माणसांच्या नव्हेत, जनावरांच्या. आडनाव उकिडवे. गावाबाहेर गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज होतं, तिथं त्या मुलांना कापायला आणि शिवायला शिकवत. कापणं लवकर येतं, शिवणं उशिरा, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही शिंप्याला विचारा, तोही हेच सांगेल.

जिवंत जनावराला हात लावू देण्याआधी बाई मुलांना केळी शिवायला लावत. सालीला चीर द्यायची आणि आतला गर न दुखावता ती टाके घालून बंद करायची. त्यातही त्यांचा एक न्यारा नियम होता. केळ्याला आधी नाव द्यायचं, त्याच्यावरून हात फिरवायचा आणि मगच सुई उचलायची.

"मॅडम, केळं काय ओ देणार आहे का?" हर्षल वाकोडे नावाच्या विद्यार्थ्यानं एकदा विचारलं.

"ते नाही देणार. पण तुला हाक मारायची सवय लागेल."

हर्षलनं आपल्या केळ्याचं नाव ठेवलं 'प्राचार्य'. वर्ग हसला, बाईही हसल्या. तास संपल्यावर सगळ्यांनी मिळून प्राचार्य खाल्ले.

केळी झाली की गाठी. दोऱ्याचा पहिला वेढा उजवीकडून घेतला तर दुसरा डावीकडून घ्यायचा, म्हणजे गाठ बसते. दोन्ही एकाच बाजूनं घेतले तर गाठ दिसते तशीच, पण ताण आला की सरकते. वसतिगृहात खुर्चीचा एकही पाय दोऱ्याशिवाय उरला नव्हता. बाई प्रत्येकाच्या गाठीला एक वीट टांगून बघत. वीट लटकून राहिली तर गाठ खरी. हर्षलची पाळी आली की पुढच्या बाकावरची मुलं पाय वर उचलून घेत. त्याचा हात सगळ्यांत वेगवान होता, आणि घाई झाली की त्याचे दोन्ही वेढे एकाच बाजूला पडत.

"अरे, दुकानात चांगलं गिऱ्हाईक कापड उलटं करून बघतं," बाई म्हणत. "तू नुसती वरची बाजू सजवतोस."

त्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. सुई धरायचा त्यांचा जुना चिमटा, जो त्यांना त्यांच्या गुरुजींनी दिला होता, तो त्या परीक्षेत सगळ्यांत चांगली शस्त्रक्रिया करणाऱ्याला देणार होत्या. हर्षलचा जीव त्या चिमट्यात अडकला होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे मोठे डॉक्टर पाहुणे म्हणून आले. हर्षलच्या वाट्याला एक कालवड आली. तिच्या बेंबीपाशी पोटाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं होतं आणि तिथून आतडं खाली उतरायचं. तिला घेऊन वच्छीमावशी आली होती. कालवडीची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून मावशीनंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

कालवडीला गुंगी दिली. हर्षल कामाला लागला. आतडं आत सारलं, पडदा शिवला, वरून कातडी शिवली. मधे एकदा कालवडीनं पाय झटकला तेवढाच, बाकी हात कुठं अडला नाही. कातडीवरचे टाके मोगऱ्याच्या गजऱ्यासारखे एका ओळीत बसले.

"हात आहे की शिलाई मशीन!" पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या.

हर्षल हात धुवायला गेला. आता बघा, हाताला स्वतःची आठवण असते. साबण लावता लावता त्याची बोटं आपसूक गाठी मारत होती. उजवीकडून, डावीकडून. उजवीकडून, डावीकडून. आणि मग उजवीकडून, पुन्हा उजवीकडून. तो थांबला. कालवडीनं पाय झटकला होता ती गाठ! आतल्या पडद्याची. आता ती कातडीखाली झाकली गेली होती.

शेजारी त्याचा मित्र उभा होता. हर्षलनं त्याला हळूच सांगितलं.

"कुणी पाहिलं का?" मित्रानं विचारलं.

"नाही."

"मग बाकीच्या गाठी धरतील की. गप बस आणि चिमटा घे."

हर्षल परत आला. कालवड अजून पेंगत होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन मावशी तिच्या कानामागं खाजवत होती. हर्षलला बघून तिनं हात जोडले. "लेकरा, भलं होईल तुझं."

तेव्हा हर्षलच्या ध्यानात आलं की केळ्यालासुद्धा आपण नाव दिलं, पण हिचं नावच विचारलेलं नाही.

"मावशी, हिचं नाव काय हो?"

"शेवंती."

हर्षलनं तिच्या मानेवरून हात फिरवला. शेवंतीनं गुंगीतच त्याचा अंगठा चाटला, बाटली समजून.

तो तडक बाईंकडे गेला. पाहुण्यांसमोरच म्हणाला, "मॅडम, शेवंतीला परत उघडावं लागेल. आत माझी एक गाठ खोटी बसलीय."

मावशी उठून उभी राहिली. "आं? पुन्हा कापणार? मग मघाशी काय केळं सोलत होतास?"

"चूक झाली, मावशी. माझीच."

पाहुणे घड्याळं बघत चहाला गेले. शेवंतीला परत गुंगी दिली. हर्षलनं पुन्हा हात धुतले आणि आपला गजरा आपल्याच हातानं उसवला. आतली ती गाठ बाईंनी चिमट्यानं जराशी ओढली. ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

"मला दिसली नव्हती रे," बाई हळूच म्हणाल्या.

या वेळी हर्षलनं घाई केली नाही. प्रत्येक गाठीला 'शेवंती' म्हणत तो टाके घालत गेला. वरचे टाके थोडे वाकडे आले.

ऊन उतरायच्या सुमाराला शेवंती धडपडत उभी राहिली. पोट ताणून, मान वर करून ती अशी हंबरली की गोठ्यातली कबुतरं उडाली. हर्षल खाली बसून टाक्यांकडे बघत राहिला. कुठं फुगवटा आला नाही, आत सगळं जागच्या जागी होतं. मावशीनं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आता उठ की. ती उभी राहिली आणि तू बसलास!"

चिमटा दुसऱ्या एका विद्यार्थिनीला मिळाला. तिची शस्त्रक्रिया पहिल्याच वेळी निर्दोष झाली होती, त्यामुळे तो तिचाच होता. हर्षलनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी निरोपाच्या वेळी बाईंनी त्याला बाजूला बोलावलं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी जड त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं सोडून बघितलं. वीट होती.

"ही मी तुझ्यासाठीच ठेवली होती," बाई म्हणाल्या. "आता ती टांगून बघायला मी नसेन. पण आज तुझी तूच टांगलीस."

तात्पर्य: जे काम झाकलं जाणार आहे, ते दिसणाऱ्या कामाहून जास्त निगुतीनं करावं. आणि त्यात चूक राहिलीच, तर टाळ्या चालू असतानाही ती आपल्याच हातानं उसवावी.