भागा टाकीवालीची सगू

सरका जरा. ए ऋग्या, पाय आवर तुझे, त्या तनयाला अगदी भिंतीला चिकटवलंयस. आणि हुंकार द्यायचा हं. हुंकार थांबला की माझी गोष्टही थांबली.

तर झालं काय होतं एकदा, एका डोंगराच्या पायथ्याशी तीन-चार खोपटांची वस्ती होती. तिथं भागा नावाची एक बाई राहायची. ही भागा काय करायची? जात्यांना टाकी लावायची. तुम्हाला कुठलं माहीत असणार! तुमचं पीठ येतं गिरणीतून. तेव्हा घरोघरी दगडाचं जातं असायचं. दळून दळून ते गुळगुळीत व्हायचं, मग दाणे भरडायचेच नाहीत. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्याला बारीक बारीक खाचा पाडायच्या. त्याला म्हणायचं टाकी लावणं. भागा गावोगाव हिंडायची. "टाकी लावायची का जात्याला, टाकीऽऽ" म्हणून ओरडायची. दिवसभर दगडाची भुकटी उडायची. केसांत भुकटी, भुवयांवर भुकटी, पापण्यांवरसुद्धा. घरी यायची ती पिठात पडलेल्या उंदरासारखी. हसा, हसा. तिची लेकसुद्धा आधी हसायचीच.

लेकीचं नाव सगुणा. सगळे सगू म्हणायचे. घरात सगूचे आबा होते, म्हणजे आजोबा. ते दारात बसून दगड घडवायचे. कानानं ठार बहिरे, पण हात असा की काय सांगू! त्यांनी नातीला पाच सागरगोटे घडवून दिले होते. काळ्या दगडाचे, घासून घासून बोराएवढे केलेले. सगू ते पाचही वर उडवायची, मध्ये टाळी वाजवायची आणि पाचही झेलायची. एक खाली पडेल तर शपथ!

बरं का, त्या राज्याच्या राजाला एक मुलगी होती. तिचं नाव कमळजा. तिलाही सागरगोट्यांचं भारी वेड. पण तिच्याशी जो खेळेल तो मुद्दाम हरायचा. राजाची मुलगी ना! मग तिला आला कंटाळा. तिनं दवंडी पिटवली, मला खरंखुरं हरवणारी मुलगी पाहिजे म्हणून. मग सगू गेली, आणि तिनं राजकन्येला एकदा सोडून तीनदा हरवलं. राजकन्या अशी खूश झाली! म्हणाली, "आता आठ दिवस इथंच राहा गं तू." मग सगूला न्हाऊमाखू घातलं, जरीचा परकर दिला, केसांत शेवंतीची वेणी माळली. सगू आरशात बघते तर काय, ही कोण नवीनच!

आता त्या राजवाड्याला होता एक उंबरा. काळाभोर, रुंद, गार. दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं सगूला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, उंबरा ओलांडून यायचं. त्याच्यावर बसून बोलायचं नाही. तो ऐकतो आणि तथास्तु म्हणतो."

मी नाही तुम्हाला ओरडत, उंबऱ्यावर बसू नका, घरात वेडंवाकडं बोलू नका म्हणून? उगीच का ओरडते मी? मला काय हौस आहे?

पण सागरगोटे खेळायला त्या उंबऱ्यासारखी दुसरी जागा नव्हती. राजकन्या तिथंच फतकल मारून बसायची. तिला कोण बोलणार? मग सगूही बसली तिच्यासमोर.

पहिल्या दिवशी खेळता खेळता राजकन्येनं विचारलं, "तू कुठली गं? त्या डोंगराकडची का?"

तिनं आपलं सहज विचारलं हो. पण सगूला आपलं खोपट आठवलं. दारात दगडांचा ढीग, आत चुलीचा धूर. तिनं परकराचा जरीकाठ नीट केला आणि म्हणाली, "छे! मी नाही त्या डोंगराकडची."

खालून कुणीतरी हळूच म्हणालं, "तथास्तु." सगूला वाटलं, कुठंतरी पारवा घुमला.

दुसऱ्या दिवशी राजकन्या म्हणाली, "काय सुरेख आहेत गं हे गोटे! तुमच्यात कुणी दगड घडवतं का?"

सगूला आबांचे फुटलेले हात आठवले. ती म्हणाली, "आमच्यात कुणी नाही बाई दगड घडवत." खालून आवाज आला, "तथास्तु." सगूनं ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

मग आला तिसरा दिवस. दुपारची वेळ. रस्त्यावरून हाळी आली, "टाकी लावायची का जात्याला, टाकीऽऽ." सगूनं आवाज ओळखला. भागा आली होती. राजवाड्यातल्या जात्यांना टाकी लावायची, हे नुसतं निमित्त बरं का. तीन दिवस लेक दिसली नव्हती, म्हणून आली होती बिचारी. उन्हातून चालत, तशीच पांढरीफटक. हातात फडक्यात बांधलेला भाकरी-गुळाचा लाडू. सगूला बघितलं आणि तिचं तोंड एवढं फुललं. "सगू!" म्हणाली.

राजकन्येनं वळून बघितलं. "ही हाक मारतेय तुला. कोण गं ही तुझी?"

सगूनं मान खाली घातली. म्हणाली, "माझी कुणी नाही."

थांब, तनया, रडू नकोस आत्ताच. आणि ऋग्या, तूही सगूला शिव्या देऊ नकोस. मीसुद्धा लहानपणी एकदा असंच केलंय. कुणाच्या बाबतीत ते नाही सांगणार. अजून आठवलं की कान गरम होतात माझे.

तर भागानं ते ऐकलं. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं पदर कपाळावर ओढला. आणि उंबरा म्हणाला, "तथास्तु." झालं! भागाच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. ती सगूकडे बघायला लागली, बाजारात अनोळखी पोरीकडे बघावं तशी. मग हातातल्या लाडवाकडे बघितलं. "अगं बाई, हा मी कुणासाठी आणला बरं?" असं म्हणाली, आणि तो लाडू पहारेकऱ्याला देऊन टाकला. जात्याला टाकी लावली आणि निघून गेली.

आता मात्र सगू घाबरली. उंबऱ्यावर ओणवी होऊन म्हणायला लागली, "ती माझी आई आहे रे! माझीच आई आहे!" उंबरा गप्प. मग पहारेकरी म्हणाला, "पोरी, आपण झिडकारलेलं आपल्या तोंडानं परत येत नाही. आता तिनं म्हणायला पाहिजे, तू तिची म्हणून."

"पण ती तर मला ओळखतच नाही!"

"तेच तर," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं. त्याच्या हातात तो लाडू तसाच होता. त्याच्यानं खाववेना.

मग सगूनं जरीचा परकर उतरवला, आपला जुना घातला आणि निघाली. पण जाते कुठं? ती डोंगराकडची राहिलीच नव्हती ना! वाट आठवेचना. ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. सगूनं विचारलं, "भागा टाकीवालीचं घर कुठं हो?" बायका म्हणाल्या, "तू तिची कोण?" सगू लाजेनं इतकं हळू बोलली की बायकांना ऐकूच आलं नाही. त्यांनी आपलं धुणं आपटायला घेतलं. पुढं एक मेंढपाळ भेटला. तोही म्हणाला, "तू तिची कोण?" सगू म्हणाली, "ओळखीची." त्यानं नुसती काठी वर केली, त्या तिकडं कुठंतरी, म्हणून. सगू भलत्याच माळावर जाऊन पोचली. काटे मोडले पायात. मग तिथं भेटली एक म्हातारी कासारीण, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेतलेली. "कुणाची गं तू?" म्हणाली.

सगू मोठ्यांदा म्हणाली, "भागा टाकीवालीची! आणि चारचौघांत मी तिला ओळख दाखवली नाही. मला लाज वाटते हो आजी. तिची नाही, माझी."

कासारीण म्हणाली, "भागाला मूलबाळ नाही गं." पण पोरीचं तोंड बघून तिला काय वाटलं कुणास ठाऊक. वस्तीपर्यंत सोबत आली आणि घर दाखवून गेली.

दारात आबा दगड घडवत होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि परत खाली मान घातली. सगू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत जायचा धीर होईना. आपल्याच घरात, बघा! भागा बाहेर आली. "कुणाची गं तू बाळ? आणि पायाला काय झालं?" म्हणाली. सगू नुसती पायाकडे बघत राहिली. भागानं तिला बसवलं, पायातले काटे काढले, पाणी दिलं, भाकरी दिली.

सगूनं भाकरी तशीच हातात धरली. मग सगू म्हणाली, "मावशी, मी आईला भर रस्त्यात म्हटलं, ही माझी कुणी नाही. आता ती मला ओळखत नाही."

आईला मावशी म्हणायची वेळ आली हो तिच्यावर.

भागानं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, "का गं असं म्हणालीस?"

"तिच्या अंगावर भुकटी होती म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच," सगू म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. आता ह्या बाईनं आपल्याला हाकलून दिलं तरी बरं, असं तिला वाटलं.

भागाला ही पोर कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं. तरी तिनं पदरानं पोरीचे डोळे पुसले. ती उंबऱ्यावर बसली, सगूला जवळ ओढलं आणि म्हणाली, "उगी. गप. कुणाची का असेनास, आजपासून माझी."

आणि त्या खोपटाचा उंबरा, साधा, ओबडधोबड, त्याच्याकडे कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं, तो म्हणाला, "तथास्तु."

राजवाड्याचाच उंबरा ऐकतो असं वाटलं होय तुम्हाला? सगळेच ऐकतात.

तिकडून आबा ओरडले, "सगे, माझा हातोडा कुठं टाकलास गं?" सगूनं आईकडे बघितलं. आईला सगळं आठवलं होतं. सगळं म्हणजे सगळं. तेही आठवलं होतं. सगूची मान वर होईना.

"आई, तू ऐकलंस ना तेव्हा?"

"ऐकलं."

"मग रागावली नाहीस?"

भागा म्हणाली, "नाही गं. मला वाटलं, माझंच चुकलं. येताना तोंड तरी धुऊन यायला हवं होतं मी."

सगूला जी काही लाज वाटली बाळांनो, ती काट्यांपेक्षा जास्त रुतली. तिनं आईच्या मळक्या पदरात तोंड खुपसलं. वर काढलं तेव्हा तिच्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं त्या पुसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती तशीच आईचा हात धरून राजवाड्यात गेली. भर दुपारी, सगळे असताना, उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "मी डोंगराकडची. गोटे माझ्या आबांनी घडवलेत. आणि ही माझी आई." दासी फिदीफिदी हसल्या. सगूचे कान लाल झाले. मग ती परत एकदा म्हणाली, जरा मोठ्यांदा. राजकन्या म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस? मला केव्हा नेतेस तुमच्याकडे?"

मग राजकन्या वस्तीवर आली, धुरात बसून भाकरी खाल्ली, आबांकडून दगड घासायला शिकली. सगळी सुखानं राहिली. भागाही सुखानं राहिली. पण त्यानंतर कुठं बाहेर जायचं झालं की ती आधी घडाभर पाण्यानं तोंड धुवायची. सगू म्हणायची, "राहू दे गं आई." तरी धुवायचीच.

झालं. संपली. आता डोळे मिटा बघू. आपली माणसं कोण कोण, आपली घरं कुठं कुठं, मनातल्या मनात नावं घ्या, झोप येईल आपोआप. कुणाला गाळू नका. आणि ऋग्या, मला पहिली घे, नाहीतर सकाळी दूध मिळायचं नाही.