बिबट्याची लाल गाडी

सागाच्या एका दाट जंगलात एक बिबट्या राहत असे. त्याच्याकडे लाल रंगाची, जमिनीला चिकटून धावणारी शर्यतीची गाडी होती. म्हाताऱ्या साळिंदराने ती आपल्या हातांनी घडवली होती. वारा अंगावरून अलगद निसटावा असा तिचा आकार होता. तिच्या इंजिनाला थेंबभरही जास्त पेट्रोल लागू नये म्हणून त्याने कितीतरी दिवस कान लावून ते जुळवले होते. म्हणूनच मुलांनो, ती गाडी एका टाकीत पठारापलीकडच्या अस्वल वैद्याकडे जाऊन परतही येई.

पण बिबट्याला तेवढ्याने समाधान नव्हते. गाडी आली की सगळ्यांच्या माना वळायला हव्यात, असे त्याला वाटे. त्याने माकडाला बोलावले. माकडाने इंजिनात जास्त पेट्रोल जाईल अशी सोय केली, रुंद चाके बसवली आणि मागे भला मोठा पंख ठोकला. गाडी डरकाळ्या फोडू लागली. साळिंदर कळवळून म्हणाले, "अरे, हा पंख वारा अडवतो, आणि इंजिन पेट्रोल नुसतं ढोसतंय. लांब जायची वेळ आली तर काय करशील?"

"काका, तुम्ही आता जुने झालात," बिबट्या हसून म्हणाला. बिबट्या रोज नदीकाठी दोन चकरा मारी, टाळ्या घेई आणि तिथेच टाकी भरून घरी येई.

एके दिवशी सकाळी एका गाडीखाली काम करताना साळिंदराचा उजवा हात चिरडला. बिबट्या धावत आला. "काका, टाकी भरलेली आहे. दुपारच्या आत वैद्याकडे पोहोचवतो!" त्याने गाडी भरधाव सोडली. पण घाट अर्धा चढून होतो न होतो तोच इंजिनाने आचके दिले आणि गाडी थांबली. टाकी कोरडी पडली होती. अंगावरच्या काट्यांमुळे साळिंदराला पाठीवर घेणेही शक्य नव्हते. बिबट्या रस्त्यात उभा राहून हाका मारत राहिला. बऱ्याच वेळाने एका रेड्याचा छकडा आला. साळिंदराला घेऊन तो रखडत रखडत वैद्याच्या दारी पोहोचला, तेव्हा ऊन उतरले होते.

"दुपारी आणलं असतंत तर हात वाचला असता," अस्वल हळूच म्हणाले.

बिबट्याला रडू कोसळले. "काका, मी तुमचं ऐकलं नाही."

"जीव वाचला ना, मग रडतोस कशाला?" साळिंदर म्हणाले. पण आपल्या बांधलेल्या हाताकडे मात्र त्याने पाहिले नाही.

पुढे बिबट्याने तो पंख स्वतः उपटून काढला, जुनी चाकेही बसवली. इंजिन मात्र पुन्हा कधीच तसे जुळले नाही. ते जुळवणारा हात आता उरला नव्हता.

तात्पर्य : दिमाखापायी वाया घालवलेली ताकद गरजेच्या वेळी कामी येत नाही, आणि मागाहून केलेल्या पश्चात्तापाने झालेले नुकसान भरून निघत नाही.