चाळीस दारांचा खेळ

फार जुनी गोष्ट. राज्य कुठलं म्हणाल, तर ते मलाही ठाऊक नाही. तिथल्या एका सुताराने राजाच्या बागेत मुलांसाठी चाळीस दारांचा भुलभुलैया उभारला होता. फरशीवर पाय पडला की खालचा दोर ओढला जायचा, एक दार वर जायचं, दुसरं हळूच खाली यायचं. दोनशे फरश्या, आणि सगळे दोर एकमेकांत गुंतलेले. काय हात होता हो त्याचा!

खेळ खुला व्हायला आठ दिवस उरले होते. सुताराची मुलगी आत खेळून धापा टाकत आली. म्हणाली, मी मध्येच मागे फिरले, तर दार धाडकन पडलं, थोडक्यात वाचले.

सुतार स्वतः आत गेला. पहिल्या दाराने शिरला, शेवटच्याने बाहेर आला. वीस वेळा गेला, दार पडेना. पडणार कसं? वाट आखणारा आपल्याच आखल्या वाटेने चालत होता! मुलगी सांगू लागली, मैत्रीण बरोबर होती, आधी कुठल्या फरशीवर पाय दिला होता. त्याने पुरतं बोलूच दिलं नाही.

"असं मागे फिरून कुणी खेळतं का?" तो म्हणाला.

तरी मनात पाल चुकचुकली. त्याने त्या दाराचा दोर आवळला आणि निर्धास्त झाला. तोच दोर पुढे नवव्या दाराच्या चाकावरून जातो, हे गडबडीत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

खेळ खुला झाला, मुलांची झुंबड उडाली. आत एक लहानगं घाबरून रडू लागलं. त्याला आणायला सुताराची मुलगी मागे फिरली आणि नववं दार कोसळलं. लहानगं वाचलं. मुलीचा उजवा हात मनगटापासून गेला.

राजाने बागेला कुलूप लावलं. दोष सापडला की उघडू, म्हणाला. सुताराने दोर सोडले, पुन्हा ओवले, फरश्या तुडवल्या. एक नीट करावं तर दुसरं बिघडे. दोनशे फरश्यांवर पावलं किती तऱ्हांनी पडतील? जन्म पुरेना. शेवटी हरून तो मुलीपाशी बसला आणि विचारलं, पहिल्यांदा दार पडलं, त्या दिवशी तू नेमकी कशी चालली होतीस?

"तेव्हा आठवत होतं, बाबा," ती म्हणाली. "आता नाही आठवत."

सुतार ढसाढसा रडला. कुलूप काही निघालं नाही.

म्हणून लहानथोरांनो, चूक दडते ती आपण कधी न चाललेल्या वाटेवर. त्या वाटेने जाऊन आलेल्याचं बोलणं वेळीच, पुरतं ऐकून घ्यावं.